उड्डाण थांबवण्याचा अधिकार कोणाकडे?

२६ सप्टेंबर १९८३ ची रात्र. कझाकस्तानातल्या बैकानूर तळावर सोयूझ रॉकेट उभं होतं आणि त्याच्या टोकावरच्या यानात व्लादिमीर तितोव आणि गेन्नादी स्त्रेकालोव हे दोन अंतराळवीर पट्टे आवळून बसले होते. उड्डाणाला दीडेक मिनिट उरलं असताना इंधनाची एक झडप नीट मिटली नाही. इंधन सांडलं आणि रॉकेटच्या पायथ्याशी आग लागली. आत बसलेल्या दोघांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. आगीत तारा जळाल्यामुळे यान सोडवण्याची नेहमीची सोयही निकामी झाली. उरला तो रेडिओवरून हुकूम देण्याचा मार्ग, आणि त्यासाठी वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या दोन माणसांनी जवळपास एकाच वेळी बटण दाबणं आवश्यक होतं. त्यांनी ते दाबलं. टोकावरचं सुटकेचं छोटं रॉकेट पेटलं, यान वर फेकलं गेलं, आणि दोन-तीन सेकंदांत खाली अख्ख्या रॉकेटचा स्फोट झाला. यान चारेक किलोमीटरवर पॅराशूटने उतरलं. दोघांचंही अंग ठेचकाळलं होतं, पण दोघे जिवंत होते.

सहा महिन्यांनी, ३ एप्रिल १९८४ रोजी, त्याच तळावरून त्याच जातीचं रॉकेट सुटलं. आधीचा मंच जळून गेला होता, म्हणून या वेळी दुसरा वापरला. यानात तिघे होते: युरी मालिशेव, आपले राकेश शर्मा आणि गेन्नादी स्त्रेकालोव. हो, तेच. राकेश शर्मांचं नाव माझ्या पिढीला शाळेपासून पाठ आहे. पण ते ज्याच्या सोबतीने अवकाशात गेले, तो माणूस सहाच महिन्यांपूर्वी जळत्या रॉकेटवरून उचलला गेला होता, हे मला कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. राकेश शर्मा तेव्हा सोव्हिएत संघातच प्रशिक्षण घेत होते. ते तरीही त्या यानात बसले. आपल्या देशाचं मानवी अंतराळ प्रवासाशी असलेलं पहिलं नातं हे असं आहे: माणूस वाचवणारी यंत्रणा चालते हे पाहिलं, मग आपला माणूस बसला.

हे आज सांगावंसं वाटतं ते गगनयानामुळे, म्हणजे आपल्याच रॉकेटने आपली माणसं अवकाशात नेण्याच्या इस्रोच्या मोहिमेमुळे. १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली तेव्हा २०२२ सांगितलं होतं. २०२२ चं पुढे २०२५ झालं, आता २०२७ सांगतात. दर वेळी तारीख सरकली की वर्तमानपत्रांत आणि घराघरांत एकच प्रश्न येतो, ‘अजून नाही?’ मला हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवणारा वाटतो. उशीर होतोय याची मला अजिबात चिंता नाही. चिंता याची आहे की उड्डाणाच्या दिवशी, सगळे ‘जाऊ द्या’ म्हणत असताना, ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाकडे असेल, आणि तो माणूस कोणाच्या हाताखाली काम करत असेल. माझं म्हणणं सरळ आहे. माणूस नेणाऱ्या रॉकेटला ‘जा’ म्हणणारे आणि ‘थांब’ म्हणणारे वेगळे असायला हवेत. थांब म्हणणाऱ्याची बढती आणि बदली ‘जा’ म्हणणाऱ्याच्या हातात असता कामा नये. आज आपल्याकडे तशी रचना नाही.

आधी हे रॉकेट कसं आहे ते बघू. उपग्रह नेणारं रॉकेट बिघडलं तर पैसे बुडतात, वर्षं वाया जातात, विमा असेल तर तो मिळतो. माणूस बसवायचा म्हटलं की सगळा हिशेब बदलतो. गगनयानासाठी निवडलेलं एलव्हीएम-३ हे आपलं सर्वांत ताकदीचं रॉकेट. चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३ त्यानेच नेलं. त्याच्या दोन्ही बाजूंना एस-२०० नावाचे दोन जाडजूड बूस्टर असतात, प्रत्येकात सुमारे दोनशे टन घन इंधन. जमिनीवरून उठताना सगळा भार हे दोघेच उचलतात. मधलं विकास इंजिनांचं द्रव इंधन हवेत गेल्यावर पेटतं. आता घन इंधनाचा स्वभाव दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा. एकदा वात लागली की संपेपर्यंत जळणार, मध्ये विझवता येत नाही. द्रव इंजिन पेटल्यावर गडबड दिसली तर संगणक ते बंद करू शकतो. बूस्टर पेटल्यावर बंद करायला बटणच नाही. तेव्हापासून अंतराळवीरांसमोर दोनच रस्ते उरतात: रॉकेट नीट वर जाणं, किंवा यान रॉकेटपासून उपटून दूर फेकलं जाणं.

म्हणून सुटकेची यंत्रणा, जिला क्रू एस्केप सिस्टिम म्हणतात, ती या रॉकेटचा जीव आहे. इस्रोने तिची पहिली मोठी चाचणी ५ जुलै २०१८ ला केली, म्हणजे लाल किल्ल्यावरच्या घोषणेच्याही आधी. जमिनीवर उभ्या असलेल्या यानाला तिने उचलून समुद्रावर नेलं आणि पॅराशूटने उतरवलं. त्याच्याही आधी, १८ डिसेंबर २०१४ ला, एलव्हीएम-३ च्या पहिल्याच प्रायोगिक उड्डाणात पावणेचार टनांचं रिकामं यान वर जाऊन बंगालच्या उपसागरात उतरलं होतं. गाजावाजा नसताना हे लोक योग्य क्रमाने काम करत होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं वाचून कोणाला हा इस्रोविरुद्धचा लेख वाटू नये.

एस-२०० बूस्टर एकसंध नसतो, तो तुकड्यांत बनतो आणि तुकडे जोडले जातात. गगनयानासाठीच्या बूस्टरच्या आवरणाचा पहिला तुकडा २०२० साली पवईच्या कारखान्यातून बाहेर पडला. विकास इंजिनं आणि अतिथंड इंधनावर चालणारी क्रायोजेनिक इंजिनं विक्रोळीत बनतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये, जिथे एके काळी साखर कारखान्याची यंत्रं बनायची, तिथे रॉकेटची आवरणं बनतात. आपल्या मराठी वेल्डरने घातलेल्या टाक्यावर उद्या कोणाचा तरी श्वास अवलंबून असणार आहे. हे तुकडे जिथे जोडले जातात तो सांधा ही सगळ्यात नाजूक जागा.

सांध्याची गोष्ट जगाने एकदा फार महाग मोजून शिकली आहे. प्रेशर कुकरची रिंग जुनी होऊन कडक झाली की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. झाकण घट्ट लावलेलं असतं, पण शिट्टी होत नाही. वाफ बाजूने फुसफुसत निघते. कारण रबराने दबून, फुगून फट भरायची असते आणि कडक रबर ते करत नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बूस्टरच्या सांध्यांत अशाच रबरी रिंगा होत्या. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनियरांनी, त्यांत रॉजर बोइजोली पुढे होते, फोनवरच्या बैठकीत सांगितलं की एवढ्या थंडीत रिंगा कडक होतील, १२ अंश सेल्सिअसच्या खाली उडवू नका. नासाच्या लोकांना ते रुचलं नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी काही मिनिटं मागून घेतली आणि आपसात बोलले. त्या मिनिटांत जेरी मेसन या वरिष्ठाने बॉब लंड या अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं, आता इंजिनियरची टोपी उतरव आणि व्यवस्थापकाची घाल. लंड यांनी मत बदललं. फोन पुन्हा जोडला तेव्हा कंपनी ‘उडवा’ म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी २ अंशांच्या आसपास तापमानात चॅलेंजर उठलं आणि ७३ सेकंदांनी सात जणांसह संपलं. शटलला सुटकेची यंत्रणाच नव्हती.

या गोष्टीत माहिती नव्हती असं कुठेच नाही. ज्याला माहीत होतं त्याने वेळेत सांगितलं होतं. पण ज्याने ‘थांब’ म्हणायचं होतं तो ‘जा’ म्हणणाऱ्याच्या घरचाच माणूस होता, आणि ‘जा’ म्हणणाऱ्या कंपनीचं गिऱ्हाईक फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलं होतं. चौकशी समितीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन होते. त्यांनी विचारत विचारत शोधून काढलं की शटल कोसळण्याची शक्यता व्यवस्थापकांच्या मते लाखात एक होती, तर हाताने काम करणाऱ्या इंजिनियरांच्या मते शंभरात एक. पुढे शटलची एकूण १३५ उड्डाणं झाली, त्यांतली दोन बुडाली. कोण बरोबर होतं ते आपणच बघावं.

दुसरं बुडालं ते १ फेब्रुवारी २००३ ला, कोलंबिया. त्यात करनालची कल्पना चावला होती. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून पंखावर आपटला होता. इंजिनियरांनी पंखाचे फोटो मागितले. ते काढलेच गेले नाहीत. चौकशी मंडळाने फोमबद्दल लिहिलंच, पण त्याचबरोबर एक रचनेची शिफारस केली: उड्डाणाचं वेळापत्रक आणि पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापासून स्वतंत्र असा तांत्रिक अधिकार नेमा. सतरा वर्षांत दोन अपघात आणि चौदा जीव गेल्यावर हे सुचलं. आपल्याला ते फुकट मिळतंय.

आपल्याकडची रचना अशी. इस्रोचा अध्यक्ष हाच अंतराळ विभागाचा सचिव असतो आणि तोच अंतराळ आयोगाचा अध्यक्ष असतो. अंतराळ विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत येतो. यान बनवणारा, त्यासाठी सरकारकडे पैसे मागणारा, धोरण ठरवणारा आणि ‘तयार आहे’ असं सांगणारा, सगळे एकाच खुर्चीत बसलेले. इस्रोच्या आत तपासणीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत आणि त्या कडक आहेत. बाहेरच्या संस्थांचे तज्ज्ञही समित्यांवर बसतात. पण त्यांना बोलावणारी इस्रोच, त्यांचं म्हणणं कागदावर ठेवणारी इस्रोच, आणि तो कागद उघडायचा की नाही हे ठरवणारीही इस्रोच. खासगी कंपन्यांच्या रॉकेटांना परवानगी देण्यासाठी इन-स्पेस नावाची संस्था काढली आहे, तीही त्याच विभागाखाली. अंतराळ क्षेत्राचा कायदा अजून झालेला नाही. २०१७ साली एक मसुदा आला होता. उपग्रह उडवताना ही रचना चालून गेली. विक्रम साराभाई आणि सतीश धवन यांच्या काळात तिचा फायदाही झाला, निर्णय झटपट झाले, दिल्लीच्या फायली आड आल्या नाहीत. माणूस बसवताना मात्र हीच झटपट मला भीतीदायक वाटते.

बाहेरच्या माणसाने ‘थांब’ म्हणण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. ती आपल्या रुळांवर रोज धावते. आमच्या पुण्यात मेट्रोचा नवा टप्पा सुरू व्हायचा होता तेव्हा स्थानकं रंगून तयार होती, सरकते जिने चालू झाले होते, रिकाम्या गाड्या फिरताना दिसत होत्या. शेजारचे काका रोज सकाळी पेपर उघडून विचारायचे, ‘सीएमआरएस आलं का?’ मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त. हा मेट्रो चालवणाऱ्या कंपनीचा माणूस नसतो. तो येतो, रूळ बघतो, सिग्नल बघतो, ब्रेक लावून बघतो, त्रुटी काढतो आणि त्या दुरुस्त होईपर्यंत प्रमाणपत्र देत नाही. मंत्र्यांचा फीत कापायचा मुहूर्त असला तरी प्रमाणपत्राशिवाय प्रवासी बसत नाहीत. काका वैतागायचे, पण त्यांना ही व्यवस्था चुकीची वाटत नव्हती.

रेल्वेच्या सुरक्षा आयुक्तांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येत नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही सरकारी कागदपत्रांतली चूक वाटली होती. पण ती फार विचार करून केलेली सोय आहे. ब्रिटिश काळातच, १९४१ मध्ये, रेल्वेच्या निरीक्षकांना रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढून टपाल आणि हवाई खात्याकडे दिलं, कारण गाड्या चालवणाऱ्यानेच गाड्या सुरक्षित आहेत असं सांगू नये हे तेव्हाही पटलं होतं. ही व्यवस्था अगदी आदर्श आहे असं मी म्हणत नाही. आयुक्तांचे अपघात-अहवाल सर्वसामान्य माणसापर्यंत सहज पोहोचत नाहीत. पण वनाझ ते रामवाडी जाणाऱ्या प्रवाशाला जे संरक्षण कायद्याने मिळतं, ते श्रीहरिकोट्याहून कक्षेत जायला निवडलेल्या चौघांना का मिळू नये, याचं उत्तर मला सापडत नाही. प्रशांत बालकृष्णन नायर, अंगद प्रताप, अजित कृष्णन आणि शुभांशु शुक्ला. चौघेही हवाई दलाचे वैमानिक, धोका घ्यायला तयार असलेले. त्यांच्या तयारीचा अर्थ त्यांच्या वतीने कोणीही कितीही धोका पत्करावा असा होत नाही.

यावर मला नेहमी ऐकू येतं: इस्रोवर विश्वास नाही का? आहे, आणि त्याला कारण आहे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी सुटकेच्या यंत्रणेची उड्डाणातली पहिली चाचणी होती. मी आईबरोबर टीव्हीसमोर बसले होते. आठची वेळ पावणेनऊवर गेली होती. उलट मोजणी चालू झाली, आणि शून्याला पाच सेकंद उरले असताना संगणकाने सगळं थांबवलं. आई म्हणाली, ‘अडकलं बघ.’ तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ सगळ्यांसमोर आले आणि काय झालं ते साध्या शब्दांत सांगितलं: यान सुरक्षित आहे, इंजिन नेहमीसारखं पेटलं नाही, जवळ जाऊन बघतो. दहा वाजता रॉकेट उडालं, वर गेल्यावर यान सुटलं, पॅराशूट उघडली, नौदलाने ते समुद्रातून उचलून आणलं. मला त्यातले पाच सेकंदच जास्त आवडले. यंत्राने ‘नाही’ म्हटलं आणि माणसांनी ते ऐकलं, तेही सगळा देश बघत असताना.

दुसरा प्रसंग जून २०२५ चा. शुभांशु शुक्ला अमेरिकन खासगी मोहिमेतून फ्लोरिडाहून अंतराळ स्थानकावर जाणार होते. भारताने त्या जागेसाठी पाचशे कोटींहून अधिक रुपये मोजले होते. त्यांना नेणाऱ्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटच्या चाचणीनंतर द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. तिथे गेलेल्या इस्रोच्या चमूने गळती पूर्ण दुरुस्त होऊन पुन्हा चाचणी होईपर्यंत पुढे जाऊ नका असा आग्रह धरला, आणि तपासात भेग सापडली, असं अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर सांगितलं. उड्डाण पुढे गेलं, मग स्थानकावरच्या गळतीच्या प्रश्नामुळे आणखी पुढे गेलं, आणि अखेर २५ जूनला झालं. शुक्ला १५ जुलैला सुखरूप परतले. इस्रोच्या लोकांनी जगातल्या सर्वांत अनुभवी कंपनीसमोर टेबलावर हात आपटला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण या अभिमानाच्या पोटातच माझा मुद्दा आहे. ते तिथे बोलू शकले कारण ते बाहेरचे होते. रॉकेट त्यांचं नव्हतं, वेळापत्रक त्यांचं नव्हतं, उशिराचा खुलासा त्यांना कोणाला द्यायचा नव्हता. माणूस तेवढा त्यांचा होता. तीच माणसं स्वतःच्या रॉकेटसमोर उभी राहतील तेव्हा वर्षानुवर्षांचे कष्ट त्यात असतील, सोबतचे मित्र त्यात असतील, आणि दिल्लीत कोणीतरी तारीख विचारत असेल. फ्लोरिडात इस्रोने जी भूमिका बजावली, ती श्रीहरिकोट्यात बजावायला कोणीतरी हवं.

एलव्हीएम-३ आजवर एकदाही अपयशी ठरलेलं नाही हेही मला सांगितलं जातं. खरं आहे. पण त्याची उड्डाणं अजून डझनभरही झालेली नाहीत, आणि चॅलेंजर हे शटलचं पंचविसावं उड्डाण होतं. त्याआधीची चोवीस सुखरूप झाली होती आणि त्या यशानेच रिंगांवरचे जळाल्याचे डाग सवयीचे झाले होते. पीएसएलव्हीचं उदाहरण तर घरचं आहे. साठहून अधिक उड्डाणं केलेलं, सगळ्यांत भरवशाचं म्हणून नावाजलेलं रॉकेट. १८ मे २०२५ ला त्याच्या तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि उपग्रह गेला. चौकशी झाली, पण तिचा अहवाल लोकांसमोर न मांडताच पुढचं रॉकेट मंचावर उभं राहिलं, आणि १२ जानेवारी २०२६ ला पुन्हा तिसऱ्या टप्प्यातच बिघाड होऊन तेही बुडालं. पीएसएलव्ही माणूस नेणार नाही, हे रॉकेट वेगळं, तो टप्पा वेगळा. माझं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे. याच इस्रोने ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही हे दुसरं रॉकेट बुडालं तेव्हा टाकीतला दाब का पडला, कुठल्या झडपेतून गळती झाली, काय बदलणार, हे सगळं लिहून जाहीर केलं होतं. त्या वाटेवरून इस्रो मागे का फिरली? रशियाचं उदाहरण घ्या. ११ ऑक्टोबर २०१८ ला सोयूझमधून निघालेले अलेक्सेई ओवचिनिन आणि निक हेग बूस्टर नीट न सुटल्यामुळे अर्ध्या वाटेवरून जमिनीवर आले. तीन आठवड्यांच्या आत, जोडणीच्या वेळी एक संवेदक वाकला होता हे कारण रॉकेटवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रफितीसकट जगासमोर ठेवलं गेलं. पाच महिन्यांनी तेच दोघे पुन्हा सोयूझमध्ये बसले. काय चुकलं ते माहीत असल्यामुळे ते बसू शकले.

आता व्यवहाराचा प्रश्न: बाहेरचे लोक आणायचे कुठून? रॉकेटचं ज्ञान असलेली बहुतेक माणसं इस्रोतच घडली आहेत. ही अडचण खरी आहे. पण निवृत्त झालेले, आता इस्रोकडून काहीही मिळवायचं नसलेले इंजिनियर आहेत. बंगळूरची हवाई दलाची एरोस्पेस मेडिसिन संस्था आहे. डीआरडीओत घन इंधनावर आयुष्य घालवलेले लोक आहेत, आयआयटींमध्ये ज्वलन आणि धातुशास्त्राचे प्राध्यापक आहेत, लढाऊ विमानांची चाचणी घेणारे वैमानिक आहेत. आठ-दहा जण पुरतील. त्यांना कागद बघण्याचा, कुठल्याही कनिष्ठ इंजिनियरशी बंद दाराआड बोलण्याचा आणि लेखी ‘नाही’ देण्याचा अधिकार हवा, तोही कायद्याने, आणि त्यांनी अहवाल संसदेला द्यावा, विभागाला नव्हे.

‘सल्लागार’ हा शब्द मी मुद्दाम टाळते आहे. नासाला १९६८ पासून असं सल्लागार सुरक्षा मंडळ आहे. अपोलो-१ यानाच्या आगीत तिघे अंतराळवीर गेल्यावर अमेरिकन संसदेने ते नेमलं. मंडळ होतं, तरी चॅलेंजर गेलं, कोलंबिया गेलं. कोलंबियाच्या चौकशीत मंडळावरही ठपका आला आणि सप्टेंबर २००३ मध्ये त्याच्या सगळ्या सदस्यांनी राजीनामे दिले. सल्ला दिला, ऐकला नाही, संपलं. आपल्याला सीएमआरएसच्या जातीचं काहीतरी हवं, ज्याच्या सहीशिवाय गाडी हलत नाही.

उशीर होईल? होईल. सप्टेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने गगनयानाचा खर्च वाढवून २०,१९३ कोटी केला, त्यात पुढच्या मोहिमा आणि अंतराळ स्थानकाचा पहिला भाग आला. एवढ्या खर्चात सुरक्षा मंडळाचा खर्च दिसणारही नाही. उशिराचा राजकीय खर्च तेवढा दिसेल, आणि तो सोसायची तयारी आपण वाचकांनी दाखवली पाहिजे. २०२४ च्या उन्हाळ्यात सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनर यानातून वर गेल्यावर त्याचे थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, बिघडले. यान बनवणारी कंपनी ते परतीसाठी सुरक्षित आहे असं म्हणत होती. नासाने ऐकलं नाही, २४ ऑगस्टला ठरवलं की यान रिकामं परत आणायचं. ते सप्टेंबरमध्ये सुखरूप उतरलं. आठ दिवसांसाठी गेलेले दोघे मात्र मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या यानातून आले. यान नीट उतरलं म्हणजे निर्णय चुकला असं म्हणणारे तेव्हाही होते. मला तो निर्णय या सगळ्या इतिहासातल्या सर्वांत प्रौढ निर्णयांपैकी एक वाटतो, कारण तो घेताना यान कसं उतरेल हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना त्यांनी माणसं बाजूला काढली.

मानवरहित उड्डाणं आपल्यासमोर आहेत, त्यांत व्योममित्रा हा यंत्रमानव बसणार आहे. मंडळ नेमायची वेळ हीच. यान मंचावर उभं राहिल्यावर ते नेमलं तर त्याच्या पहिल्याच ‘नाही’ला देशद्रोह म्हटलं जाईल.

चॅलेंजरच्या आदल्या रात्री थायोकॉल कंपनीचे ॲलन मॅकडोनाल्ड फ्लोरिडात हजर होते. उड्डाणाच्या शिफारशीवर कंपनीच्या वतीने सही करायला त्यांनी नकार दिला. शेवटी त्यांच्या वरिष्ठाने सही करून फॅक्सने पाठवली. अपघातानंतर मॅकडोनाल्ड चौकशी समितीसमोर खरं बोलले, आणि कंपनीने त्यांना कामावरून बाजूला सारलं. तेव्हा अमेरिकन संसद मध्ये पडली. असं वागलात तर पुढची कंत्राटं विसरा, असं कंपनीला बजावलं गेलं. मॅकडोनाल्डना परत घेतलं गेलं आणि बूस्टरचा सांधा नव्याने घडवायचं काम त्यांच्याकडेच आलं. शटल पुन्हा उडालं ते त्या सांध्यावर. थिरुवनंतपुरममध्ये किंवा श्रीहरिकोट्यात आज कोणीतरी असाच सांधा तपासत असेल. त्याने सही नाकारली तर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे आपल्या कुठल्याही अंतराळ कायद्यात लिहिलेलं नाही, कारण तो कायदाच अजून नाही.